मागच्या बाकावरचे भावी सचिव

१२ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. पुढंमागं कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर त्याला मटेरियल हवं, एवढाच हेतू. तोवर कुणाला दाखवायची नाही. बायकोला, राजमतीला, तर नाहीच. ती वाचते आणि मग जेवताना बोलते.

मुख्य बातमी: मंत्रिमंडळाचा विस्तार होणार. बेंगळुरूहून तिघांनी सांगितलं. यावेळी एक जागा सीमाभागाला. सीमाभागात पक्षाचे आमदार दोन. दुसरा पहिल्याच टर्मचा आहे, फार बोलतो. मी पाचव्या टर्मचा, बोलत नाही. निष्कर्ष उघड आहे.

लोक मला मागच्या बाकावरचा म्हणतात. जळतात. मागचा बाक माझ्या पसंतीचा आहे, निदान दुसऱ्या टर्मपासून. सगळं सभागृह दिसतं, एसीचा झोत अंगावर येत नाही, चहाला जायला दार जवळ. खांबामुळं टीव्हीत दिसत नाही, तेवढा एक तोटा. आजवर सभागृहात चारदा बोललो. त्यातलं एकदा माईक चालत नाही हे सांगायला उठलो होतो, आणि माईक चालत नसल्यानं ते रेकॉर्डवर आलं नाही. म्हणजे तीनदा. पण व्हिप मोडला नाही, पक्ष बदलला नाही, कुणाला दुखावलं नाही. असा माणूस मंत्रिमंडळात हवाच असतो.

संकल्प: उद्यापासून पहाटे चालणे. कन्नड पेपर पहिल्या पानापासून वाचणे. चिडायचं नाही.

१३ नोव्हेंबर

चाललो नाही. धुकं होतं.

१६ नोव्हेंबर, दुपारी

आमच्या गावाहून, आडगुंडीहून, अक्काताई आली. थोरली बहीण. गावातच दिलेली. आईबापांमागं तिनंच मला वाढवलं, पण ते ती कधी बोलून दाखवत नाही. बोलून दाखवलं असतं तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.

गावातली मराठी शाळा जूनपासून बंद करायची आणि पोरांना हायवेपलीकडच्या कन्नड शाळेत घालायचं असा आदेश आलाय. कारण पट कमी. अक्काताई शाळेच्या समितीची अध्यक्ष आहे. म्हणाली, "कुंथू, पाच टर्म तुझ्याकडं काय मागितलो न्हाय. रस्ता नको, गटार नको. ह्या टायमाला तेवढं असेंब्लीत उभा ऱ्हाऊन बोल. शाळा गेली तर पोरं हायवे वलांडत्यात, न्हायतर घरात बसत्यात. पोरी तर घरातच बसत्यात."

म्हटलं, आक्का, बोलणार. शब्द दिला. मी स्वतः त्या शाळेत शिकलोय. कंपाउंडच्या भिंतीवर माझ्या नावाचा दगड आहे, दोन्ही भाषांत. भिंत नंतर पडली, दगड शाबूत आहे.

१९ नोव्हेंबर

नागेंद्रनं प्रश्न टाइप करून पाठवला. नागेंद्र माझा पीए, गोकाककडचा. कन्नड पक्कं, मराठी कामापुरतं. स्टार क्वेश्चन घातलाय, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं आणि मग मी उपप्रश्न विचारून त्याला घाम फोडायचा. (ही माहिती चरित्रकारासाठी.)

भाषण तयार. आठ मिनिटांचं. सुरुवात कन्नडमध्ये, मध्ये भावनिक भाग मराठीत, शेवट पुन्हा कन्नडमध्ये. आरशासमोर म्हणून बघितलं. राजमतीनं बाहेरून विचारलं, कुणावर वरडालाय.

२४ नोव्हेंबर

आजचा दिवस अधोरेखित करावा असा. लाल पेन सापडलं नाही.

पक्षाचे निरीक्षक मारुतीराव पुण्याहून आलेत. बेळगावात हॉटेलवर उतरलेत. जेवायला मला एकट्यालाच बोलावलं. दुसऱ्या आमदाराला नाही. आमटी वाढून घेता घेता सहज म्हणावं तसं म्हणाले, मगदूमसाहेब, सचिव म्हणून तुमचं नाव मी वर दिलंय, होऊन जाईल.

घास हातातच राहिला. मंत्री म्हणाले नाहीत, सचिव म्हणाले. आपल्या कन्नडमध्ये मिनिस्टरला सचिवच म्हणतात. पेपरात सचिव, बोर्डावर सचिव, गाडी आली की हवालदार ओरडतो तेसुद्धा सचिव आले म्हणूनच. पुण्याचा माणूस, पण इथला शब्द बरोबर वापरला. अभ्यास केलेला दिसतो.

खातं कुठलं हे थेट विचारणं बरं दिसत नाही. म्हणून विचारलं, काम कुठलं बघायचं. म्हणाले, सीमाभागाचंच बघायचं तुम्ही. म्हणजे नवीन खातं काढतायत. गाडीचं विचारलं तर हसले आणि म्हणाले, गाडी तर तुमच्याकडं आहेच की. मोठ्या माणसांचे विनोद असेच असतात.

निघताना खांद्यावर हात ठेवून एकच सूचना केली. जाहीर होईपर्यंत कुठं बोलू नका. मी म्हटलं, साहेब, त्याची काळजीच नको. बावीस वर्षांची सवय आहे.

२५ नोव्हेंबर

राजमतीला सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे बोलणं नव्हे. ती म्हणाली, "सचिव म्हंजे? आमच्या कागलात दूध डेअरीला असतोय, तसा काय?" हसू आवरेना. कागल इथून हाकेच्या अंतरावर, पण पलीकडं महाराष्ट्रात पडलं. इतकी वर्षं या घरात काढून हिला अजून इथलं राजकारण कळत नाही. कन्नडमधला अर्थ समजावून सांगितला. बरं म्हणाली आणि दूध बघायला आत गेली.

शपथविधीसाठी वडगावच्या मागावरची साडी घेऊ म्हटलं. नको म्हणाली. मागच्या चार विस्तारांना चार घेतल्या होत्या, त्या सगळ्या दुसऱ्यांच्या लग्नात नेसून झाल्या. टोमणा होता. चिडलो नाही. (चिडलो, पण मनात.)

२९ नोव्हेंबर

शपथेच्या भाषेचा प्रश्न. मराठीत घेतली तर बेंगळुरू नाराज. कन्नडमध्ये घेतली तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. तीन दिवस विचार केला. निर्णय: इंग्लिशमध्ये. कुणाचीच नाराजी नाही. राजमती म्हणाली, ते बरं, काय कबूल केलंसा ते कुणालाच कळायचं न्हाय.

मतदारसंघातले लोक सकाळपासून बसून असतात. मी काहीच बोललेलो नाही, तरी वास लागतोच. नागेंद्रलाही शपथ घालून सांगितलं, त्यानं ताबडतोब गाडीवर दिवा चालतो का याची चौकशी केली. आता चालत नाही म्हणे. नियम बदलायला हवेत.

चालणं: शूज आणले.

१ डिसेंबर

अडचण. आमचा प्रश्न लागला. तारीख बारा. ज्या खात्याला प्रश्न आहे, त्या मंत्र्याच्या शेजारीच मला उद्या बसायचंय. नागेंद्रनं विचारलं, "सर, प्रश्न वापस घेऊया काय?" म्हटलं, वापस घेतला तर अक्काताई काय म्हणेल. तो म्हणाला, मग बोलूया. म्हटलं, बोललो तर मारुतीराव काय म्हणतील. तो गप्प बसला. त्याचं एक बरं आहे.

शांतपणे विचार केला. आठ मिनिटं बोलून एक शाळा वाचेल, कदाचित. सचिव झालो तर एका सहीत शंभर शाळा. मग शहाण्या माणसानं काय करावं? आणि मारुतीरावांचे शब्द स्पष्ट आहेत: कुठं बोलू नका. 'कुठं' यात सभागृह येतं. सभागृह तर सगळ्यात आधी येतं.

४ डिसेंबर

अक्काताईचा फोन. बाराला गावातल्या बायका क्रूझर करून येणार, गॅलरीचे पास काढ म्हणाली. टाळायचा प्रयत्न केला. म्हटलं, थंडी आहे, तपासणी फार असते, पर्सपिशवी सोडत नाहीत. म्हणाली, "पिशवी नगं आमाला. आमाला तू बोलताना बघायचंय."

पास काढले.

९ डिसेंबर

बेळगावच्या सुवर्णसौधात विधानसभेचं हिवाळी अधिवेशन सुरू. नेहमीप्रमाणं पहिल्या दिवशी खव्याच्या कुंद्याचे डबे वाटले. बेंगळुरूचे सगळे मंत्री माझ्याच कुंद्यावर अधिवेशन काढतात. काही आचरट लोक मला कुंदा आमदार म्हणतात, ते कानावर आहे. पण यंदा स्पीकर डबा घेताना माझ्याकडं बघून हसले. आधीच्या वर्षांत नुसता डबा घ्यायचे. त्यांना कळलेलं आहे.

मारुतीरावांना फोन केला. मीटिंगमध्ये होते. चांगली खूण आहे, माझ्याच विषयावर असणार.

खातं रेशीम मिळालं तरी घ्यायचं, असं मनाशी ठरवलं. हट्ट नको.

१२ डिसेंबर, सकाळी

योजना: उभं राहायचं, पण बोलायचं नाही. म्हणजे दोन्ही बाजू सांभाळल्या. बीपीची गोळी घेतली. भाषण खिशात ठेवलंय, सवयीनं.

१२ डिसेंबर, संध्याकाळी

अक्काताई गॅलरीत पहिल्या रांगेत होती, शेजारी आडगुंडीच्या बायका. खांबामुळं मी त्यांना दिसत नव्हतो. ती सारखी मान वाकडी करून शोधत होती. स्पीकरनी नाव घेतलं, उठलो. तेव्हा दिसलो असणार, कारण वर सगळ्यांनी एकदम हात जोडले. देवळात जोडतात तसे.

मंत्री म्हणाले, उत्तर छापून दिलंय. आता बोलायची पाळी माझी. सगळं सभागृह थांबलं होतं असं मला वाटलं. खरं तर कुणी बघतसुद्धा नव्हतं, दोघं फोनवर होते, एक जण जांभई देत होता. मी कन्नडमध्ये म्हणालो, उत्तर वाचलं, माझं समाधान झालंय. आणि बसलो. मुद्दाम हळू आवाजात, मुद्दाम कन्नडमध्ये. बायकांना वाटावं, काहीतरी बोलला. अक्काताई आयुष्यभर निपाणीच्या बाजारात कन्नडमध्ये भाव करत आलीय, हे त्यावेळी डोक्यात आलं नाही.

बाहेर बॅरिकेडजवळ गाठ पडली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "समाधान झालंय म्हनालास न्हवं?" मी सांगायला लागलो, आक्का, राजकारणात काही वेळा... ती म्हणाली, "मला कन्नड येतंय, कुंथू." बाकीच्या बायका तिच्याकडं बघत होत्या. मी काय बोललो हे त्या तिला विचारत होत्या आणि ती सांगत नव्हती. क्रूझरमध्ये जाऊन बसली.

लाज वाटली. लिहून ठेवतो, कारण उद्या वाटणार नाही.

१३ डिसेंबर

रात्री झोप झाली. काल उगाच हळवा झालो होतो. अक्काताईला मोठं चित्र दिसत नाही, त्यात तिचा दोष नाही. सचिव झाल्यावर पहिली सही आडगुंडीच्या फाइलवर. ती फाइल मी स्वतः घेऊन जाईन तिच्या दारात, गाडीतून, मागंपुढं पोलीस. तेव्हा तीच म्हणेल, कुंथू, चुकले मी.

छापील उत्तर आज वाचलं. त्यात लिहिलंय, या निर्णयाबाबत स्थानिक लोकप्रतिनिधींची हरकत नाही. काल वाचायला हवं होतं.

१८ डिसेंबर

टीव्हीवर यादी आली. सीमाभागाची जागा दुसऱ्या आमदाराला. पहिल्या टर्मचा, बोलणारा. त्याच्या घरापुढं फटाके वाजताना दाखवले.

यादीत माझं नाव नाही. ही पहिली यादी असणार. मारुतीरावांना फोन लावला. पाचव्यांदा उचलला. म्हणाले, अहो, तुमचं पत्र कालच निघालंय, अभिनंदन. बघा. स्वतंत्र पत्र. बाकीच्यांची नावं गर्दीत, माझं स्वतंत्र. नागेंद्रला पेढे आणायला सांगितलं.

२१ डिसेंबर

पत्र आलं. मराठीत. नागेंद्रनं पाकीट फोडलं, पहिलीच ओळ बोट ठेवून वाचली, आपली सचिव या पदावर नियुक्ती करण्यात येत आहे, आणि धावत जाऊन ऑफिसात पेढे वाटले. दुसरी ओळ मी वाचली. सीमाभाग मराठी भाषिक सेल. तिसरी ओळ: हे पद मानद आहे.

तरी मला उलगडेना. सेलला मिनिस्टर कसा असेल? पत्र राजमतीपुढं धरलं. ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचत राहिली. हसली नाही. म्हणाली, "आमच्यात सचिव म्हंजे सेक्रेटरी. मी तवाच इचारलो हुतो की तुमाला." मग पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आता आक्काला काय सांगनार?"

मारुतीराव मराठीत बोलले आणि मी कन्नडमध्ये ऐकलं. आयुष्यभर व्यासपीठावर मराठी मराठी म्हणून छाती पिटली आणि मराठी शब्द कानावर आला तर ओळखता आला नाही. आणि कुठं बोलू नका म्हणजे त्यांना एवढंच म्हणायचं होतं की सेलमधल्या दुसऱ्या इच्छुकांना कळू देऊ नका. सभागृहाशी त्याचा संबंधच नव्हता. हेही मी विचारलं म्हणून त्यांनी फोनवर सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं. म्हणाले, सभागृहात बोलायला कोण कशाला अडवेल तुम्हाला?

पेढे परत मागता येत नाहीत.

१० जानेवारी

नीट विचार केला तर पद वाईट नाही. मंत्री येतात आणि जातात, संघटना राहते. लेटरहेडचा नमुना करून घेतला. सचिव मोठ्या अक्षरात, सेल बारीक. बेंगळुरूला हेच लेटरहेड वापरावं. त्यांना त्यांच्या भाषेत वाचू दे.

१७ जानेवारी

लेटरहेडवर बेंगळुरूला पत्र गेलं. तिथून फोन आला, कुठल्या खात्याचे सचिव म्हणून. ठेवून दिला.

२२ मार्च

आडगुंडीच्या शाळेसाठी मंत्र्यांना भेटलो. बसवून घेतलं, चहा दिला. म्हणाले, सभागृहात तुमचं समाधान झालं होतं, ते रेकॉर्डवर आहे, आता मी काय करू? बावीस वर्षांत माझं एक वाक्य रेकॉर्डवरून काढून कुणी वापरलं, ते हे. निघताना विचारलं, कुंदा नाही आणला यावेळी?

२ जून

शाळा उघडली नाही. कुलूप लागलं. गावातून कुणाचाच फोन नाही. आधी नळ तुंबला तरी फोन यायचा. शांतता बरी आहे, कामं होतात.

संकल्प: उद्यापासून चालणे.

९ जून

सेलकडून पहिलं काम आलं. मारुतीरावांच्या ऑफिसनं पत्रकाचा मसुदा पाठवलाय. "आडगुंडी येथील मराठी शाळा बंद होत असताना विधानसभेत मौन पाळणारे स्थानिक आमदार श्री. ........ यांचा हा सेल तीव्र निषेध करतो." नावाची जागा मोकळी. पुण्यात ते कुणाला माहीत नव्हतं, सचिवांनी भरून घ्यावं अशी टीप आहे. खाली दोन सह्या. शाळा समितीच्या अध्यक्षांची आणि सेलच्या सचिवांची.

मारुतीरावांना फोन केला. मीटिंगमध्ये. नागेंद्र म्हणाला, "सर, नाव नको घालूया, नुसतं संबंधित आमदार म्हणूया." मलाही पटलं. मौन पाळणारे याच्या जागी संयम पाळणारे करता येईल का, तेही बघितलं. निषेध मग बसत नाही.

शेवटी काम ते काम. नागेंद्रला पाठवणार होतो, मग स्वतःच गेलो. अक्काताई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. डिसेंबरनंतर मी पहिल्यांदाच गेलो. बस म्हणाली नाही, ऊठही म्हणाली नाही. कागद दिला. हात पुसून तिनं तो सगळा वाचला, एकदा, सावकाश. विचारलं, "नाव का न्हाय ह्यात?" म्हटलं, पुण्याच्या लोकांना माहीत नाही.

"मला म्हाईत हाय," म्हणाली आणि माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं. कुंथुनाथ लिहिलं. पुढं बाळगोंडा लिहिताना जरा थांबली. ते आमच्या वडिलांचं नाव. मग तेही पुरतं लिहिलं, मगदूम लिहिलं, खाली स्वतःची सही केली आणि पेन परत दिलं.

सचिवांची सही राहिली होती. ती मी केली.